न चाखणारा आचारी

"खर्रा किती वर्षांपासून खाता?"

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ह्यांना हे तीनदा विचारलं. पहिल्यांदा खुर्चीत बसल्या बसल्या, दुसऱ्यांदा जिभेवर टॉर्च मारून बघताना, आणि आठ दिवसांनी तिसऱ्यांदा, रिपोर्टाचा कागद हातात धरून. तिन्ही वेळा ह्यांनी नुसती नकाराची मान हलवली. मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावात खर्रा न खाणारे माणसं बोटावर मोजण्याइतके हायेत. त्यातला एक तुमच्यापुढं बसून राह्यला."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं. तोंडात जळजळ किती वर्षांपासून आहे?"

हे मात्र आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. सहा वर्षं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फरशीकडे पाहिलं.

कागदावर लिहिलं होतं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडाच्या आतून जे पातळ अस्तर असतं, त्याचा हा कॅन्सर. जिभेच्या डाव्या कडेला आहे, आणि मानेत जी गाठ हाताला लागते तीही त्यातलीच वाटते. नागपूरला जावं लागेल, आणि लवकर. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जीभ राहीन का जी?"

डॉक्टर म्हणाले, "आधी जीव राहू द्या."

ज्यांच्या घरात कोणाचं तोंड नेहमी जळतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. एक आधीच सांगून ठेवते. हे लिहिताना मी माझ्या गेलेल्या नवऱ्याला दिलेला शब्द मोडते आहे. का मोडते, ते वाचलं की कळेल.

माझं नाव वंदना. आमचं गाव पोंभुर्णा तालुक्यातलं, दोन बाजूंनी जंगल आणि मध्ये धानाच्या बांध्या. मी दहावीपर्यंत शिकले. बोलायला झाडीची बोली आणि लिहायला शाळेतली भाषा, म्हणून इथे दोन्हीची खिचडी दिसेल, ती चालवून घ्या. तोंडाने मी फटकळ आहे, गावात कोणालाही विचारा. पण जिथे बोलायला पाहिजे होतं तिथे सहा वर्षं माझं तोंड शिवल्यासारखं बंद होतं. ह्या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो माझाच मला येतो.

ह्यांचं नाव मारोती. पावसाळ्यात धानाची शेती आणि बाकीचे महिने आचाऱ्याचं काम. लग्न, साक्षगंध, बारसं, तेरवी, सप्त्याचा महाप्रसाद, मूल गावापासून गोंडपिपरीपर्यंत कुठेही पंगत असली की मारोतीभाऊला सांगावा यायचा. त्यांच्या हाताखाली मी, त्यांचा चुलत भाऊ देवराव आणि पुऱ्या लाटायला दोन बाया. भांडी आणि मांडव बिछायतवाल्या रशीदभाईंचा. हजार पानांचा स्वयंपाक असला तरी ह्यांचा आवाज कधी चढायचा नाही. आरडाओरडा करायला मी होतेच.

आमच्या भागात खर्रा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या कागदात, घालून घोटायचा आणि गालात धरायचा. साक्षगंधाच्या बैठकीत पाण्याच्या आधी खर्रा फिरतो. ह्यांनी तो कधी तोंडात घेतला नाही. कारण काही साधुसंताचं नव्हतं. ते म्हणायचे, "खर्र्यानं जीभ जाड होते, मंग मीठ समजत नाई." जिभेसाठी त्यांनी साधी विडीसुद्धा ओढली नाही.

म्हणून तोंड जळायला लागलं तेव्हा कोणाच्या मनात वाईट आलं नाही. व्यसन नाही तर भीती कशाची?

सुरुवात अगदी साधी होती. वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि ह्यांनी तोंडाशी हात नेला. "तिखट जास्त झालं काय वं?" मी चाखलं, नेहमीसारखंच होतं. मग दुसऱ्या दिवशी तेच. उष्णता झाली असेल म्हणून मी जाईचा पाला चावायला दिला, पेरूची कोवळी पानं दिली, साजूक तूप गालाला लावलं. चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा जळायचं.

त्याच साली पोंभुर्ण्याच्या शाळेत दातांचं शिबिर आलं. तपासणारी डॉक्टरीण अगदी तरुण होती, माझ्या मुलीच्या, सोनालीच्या वयाची. तिने ह्यांचे दोन्ही गाल आतून उलटून पाहिले आणि मलाही बोलावून दाखवले. आत बारीक पांढऱ्या रेघांची जाळी होती, दारातल्या रांगोळीवरून कोणी पदर ओढावा तशी. ती म्हणाली, "ह्याला ओरल लायकेन प्लॅनस म्हणतात. आपल्या शरीराची जी लढायची ताकद असते, ती आपल्याच तोंडाच्या अस्तरावर उलटते. तिथे कायम सूज राहते, म्हणून जळजळ. संसर्ग नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही. हा कॅन्सर नाही. पण..."

'कॅन्सर नाही' एवढं ऐकलं आणि मी पिशवी उचलली. मागे रांग लागलेली, घरी धान वाळत घातलेलं, आणि आभाळ भरून आलेलं. ती मुलगी मागून बोलतच होती, मी मान हलवत दाराकडे निघाले होते. ह्यांच्या हातात मलमाची चिठ्ठी होती. आम्ही घरी आलो आणि देवापुढे साखर ठेवली.

'पण'च्या पुढे ती काय बोलली, ते मला सहा वर्षांनी नागपूरच्या वॉर्डात अक्षर न् अक्षर आठवलं. माणसाच्या कानात सगळं जातं, फक्त तेव्हा घ्यायचं नसतं. ती म्हणाली होती, दर सहा महिन्यांनी दाखवायला या. बहुतेकांना पुढे काही होत नाही, पण थोड्या लोकांना वर्षानुवर्षं सूज राहिलेल्या जागी कॅन्सर होतो. पांढऱ्याचं लाल झालं, जखम पंधरा दिवसांत भरली नाही, हाताला कडक लागलं, तर एक दिवस थांबू नका.

आम्ही सहा वर्षं थांबलो. मलमाची ट्यूब संपली की मी दुकानातून दुसरी आणायची. जळजळ दबायची. दबली म्हणजे बरी झाली, असं आम्ही धरून चाललो.

आता जी चूक आमच्याच हातून झाली, ती सांगते.

आमच्याकडे महाप्रसादाचा स्वयंपाक नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चाखत नाही. आचाऱ्यानेसुद्धा अंदाजानेच मीठ-तिखट टाकायचं. लग्नाच्या पंगतीला ही अट नसते, तिथे आचारी पळीभर रस्सा तळहातावर घेऊन चाखतोच. शिबिरानंतरच्या उन्हाळ्यात एका लग्नात मुलीचा बाप गंजाजवळ आला. गंज म्हणजे आमचं मोठं पातेलं. तो म्हणाला, "भाऊ, एकडाव चाखून पाहा ना, व्याही मोठे नखऱ्याचे हायेत." त्या दिवशी ह्यांचं तोंड असं जळत होतं की नुसतं पाणी लागलं तरी डोळे भरायचे. ह्यांनी पळी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी आता चाखत नाई. लगन बी देवाचंच काम हाय."

मुलीच्या बापाने हात जोडले. मला आतल्या आत हसू आलं, बाप्पा, काय शोधून काढलं ह्या माणसाने. मी हळूच रस्सा चाखला, मीठ कमी होतं. सगळ्यांसमोर कसं सांगू? मी गंजाचं झाकण उघडंच ठेवलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं. मूठभर मीठ पडलं, मी पुन्हा चाखलं, आणि झाकण ठेवून दिलं. पंगत उठली तेव्हा व्याह्यांनी ह्यांना मांडवात बोलावून नारळ दिला.

तेव्हापासून तीच आमची खूण ठरली. झाकण ठेवलं म्हणजे बरोबर, उघडं म्हणजे कमी.

आणि नाव झालं हो. रशीदभाई गिऱ्हाइकांना सांगायचे, "अपना मारोतीभाऊ चाखता नहीं, सिर्फ वास घेऊन मीठ सांगते." लोक मुद्दाम गंजाजवळ उभे राहून बघायचे. हे वाफेवर नाक धरायचे, डोळे मिटायचे आणि माझ्या हातातल्या झाकणाची वाट बघायचे. मिठाला वास नसतो, हे त्या गर्दीत कोणाच्याही डोक्यात आलं नाही. बाया आपल्या सुनांना ह्यांचं उदाहरण द्यायच्या.

आधी गंमत होती, मग सवय झाली, आणि नंतर सुटका राहिली नाही. तोंड जळणाऱ्या आचाऱ्याला कोण बोलावणार? पण न चाखणाऱ्या आचाऱ्याला लोक दोन दोन महिने आधी सांगून ठेवायचे. घरीही मी दोन भाज्या करायची, एक आमची आणि एक बिनतिखटाची. भात मऊ, वरण पातळ. मी इतकं सांभाळून घेतलं की दुखणं काय आहे ते ह्यांना नीट कळलंच नाही. माझी जीभ मी त्यांना वापरायला दिली, आणि त्यांची जीभ आतून सडत गेली. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. दोष द्यायचाच तर तो माझ्या अंगणातच आहे.

शेवटच्या वर्षी होळीनंतर जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली. मी म्हटलं, दाखवून येऊ जी. ते म्हणाले, "लग्नसराई निघून जाऊ दे." सांगावे घेतलेले, माणसं अडलेली. जखम भरली नाही. मग डावा कान ठणकायला लागला. आम्ही कानात थेंब टाकत राहिलो. जिभेचं दुखणं कानात जातं, हे आम्हाला कुठून माहीत? हे एका बाजूने जेवायला लागले, मग जेवण अर्ध्यावर आलं, सदरा अंगावर ढिला झाला. मी शिलाई मारून घट्ट करून दिला.

मुलगी सोनाली मूलला दिली आहे. ती धानाच्या रोवणीच्या आधी चार दिवस आली आणि पहिल्याच जेवणाला ताट बाजूला सारून उठली. "आई, तू आंधळी हायेस काय? बाबांची मान पाहून राह्यली ना?" जबड्याखाली सुपारीएवढी गाठ होती. मी रोज त्याच माणसाच्या शेजारी बसत होते. सोनालीने दुसऱ्या दिवशी आम्हाला चंद्रपूरला नेलं. तिथे जिभेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याला बायोप्सी म्हणतात. आठ दिवसांनी तो कागद आला, जिथून मी सुरुवात केली.

नागपूरला रशीदभाईंनी त्यांच्या गाडीने पोचवलं. दवाखान्याच्या दारात ह्यांचा हात धरून म्हणाले, "तू वापस आ, बाकी मैं देखता." गाडी वळवताना ते गळ्यातल्या रुमालाने डोळे पुसत होते.

पहिले बारा दिवस नुसत्या तपासण्या आणि बाकडी. एमआरआय, म्हणजे मोठ्या गोल मशीनमध्ये झोपवून जिभेचे आणि मानेचे फोटो. मग रक्त, छाती, दात. तिथल्या बाकड्यांवर मी जितकी गालफुगी माणसं पाहिली तितकी कधी पाहिली नव्हती. कोणी गडचिरोलीचा, कोणी कुरखेड्याकडचा, सगळे आमचेच वाटायचे. बहुतेक खर्र्याचे होते. ह्यांच्यासारखे न खाणारेही दोन-चार होते. एका बाईला तुटलेल्या दाताची धार जिभेला पाच वर्षं घासत होती. तिलाही वाटलं होतं, दातच तर आहे.

शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंना मी एकटीने गाठून विचारलं, "बाई, खर्रा नाई, दारू नाई, मंग हे झालंच कसं?" त्यांनी मला बसवलं. त्या म्हणाल्या, "घराची भिंत रोज एकाच जागी पडते आणि तुम्ही रोज तीच जागा लिंपता. हजारदा लिंपाल, पण एखाद्या वेळी माती चुकीची कालवली जाते. सूज म्हणजे ते रोजचं पडणं. अस्तराच्या पेशी पुन्हा पुन्हा नव्या तयार होतात, आणि कधीतरी एक चुकीची घडते. ती थांबत नाही, वाढत जाते. सगळ्यांचं असं होत नाही. पण कोणाचं होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून बघत राहायचं असतं."

मी विचारलं, "माझ्यानं झालं काय?" आणि झाकणाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "आजार तुमच्यामुळे झाला नाही. उशीर झाला. तो खूप जणांना होतो." बाई मनाच्या चांगल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडले आणि जिन्यात जाऊन पोटभर रडले.

ऑपरेशन सात-आठ तास चाललं. हेमिग्लॉसेक्टॉमी, म्हणजे अर्धी जीभ काढली. मानेतल्या गाठी काढल्या. डाव्या हाताच्या मनगटावरची कातडी घेऊन जिभेच्या जागी शिवली, त्याला फ्लॅप म्हणतात. नाकातून पोटात नळी. मला आत सोडलं तेव्हा ह्यांनी आधी तो पट्टी बांधलेला हात दाखवला. पळी धरायचा हात उजवा, तो शाबूत होता. मला ते समजलं.

बोलता येत नव्हतं म्हणून सोनालीने वही-पेन्सिल आणून दिली. नंतर रेडिएशन सुरू झालं, ज्याला तिथे सगळे शेक म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. शेकाने उरलेलं तोंड सोललं, लाळ सुकली. तुमच्या घरी कोणावर ही वेळ आली तर एवढंच सांगते, तिसऱ्या आठवड्यात माणूस 'पुरे आता' म्हणतो. तेव्हा त्याच्याशी भांडू नका आणि सोडूही नका. मी भांडले, मग माफी मागितली. ते वहीत लिहायचे, 'तुया आवाज बाहेर वरांड्यात जाते.'

आम्ही दिवाळीच्या सुमारास घरी आलो. नळी तशीच होती. पेज गाळून नळीतून घालायची. पण रोज सकाळी मी चुलीवर, मदतीला येऊन राहिलेल्या सोनालीसाठी भाजी टाकली की हे बाज ओढून जवळ यायचे आणि फोडणीवर तोंड धरायचे. लसूण, जिरं, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. डोळे मिटून बसायचे. एक दिवस मी मीठ घातलं आणि बाजूला झाले, तर त्यांनी हात लांब करून झाकण उचललं आणि भाजीवर ठेवून दिलं.

मी विचारलं, "मीठ समजलं काय जी?"

त्यांनी वही ओढली. 'मिठाले वास नसते. तुया हात समजते.'

तेवढा हिवाळा आमचा चांगला गेला. तोंडाने थोडं ताक घ्यायला लागले, दोन-चार शब्द बोबडे यायला लागले. मी मनात म्हणायची, आणखी काही नको.

होळीच्या आसपास मानेवर, टाक्यांच्या शेजारी, पुन्हा गाठ आली. नागपूरच्या बाईंनी ह्यांना समोर बसवून खरं काय ते सांगितलं. आता कापता येणार नाही, दुखणं कमी ठेवता येईल. त्यांनी खोटा धीर दिला नाही, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. आम्हाला काय बोलायचं ते बोलून घेता आलं.

हे जे बोलले ते वहीत आहे. मधल्या पानावर, पेन्सिलीने. 'झाकणाचं कोणाले सांगू नको. लोकं तुले बोल लावतीन.' मी वाचलं आणि म्हटलं, तुमच्या नावाची काळजी हाय म्हणून सांगा ना सरळ. त्यांनी मान हलवली आणि 'तुले' ह्या शब्दाखाली रेघ ओढली. मग माझा हात धरून ठेवला. मी म्हटलं, नाई सांगणार. तो शब्द.

वैशाखात एका सकाळी, चूल पेटलेली असताना, ते गेले.

तेरवीचा स्वयंपाक देवरावने केला. पंधरा वर्षं ह्यांच्या हाताखाली काढलेला माणूस. पंगत बसायच्या आधी तो चारचौघांत उभा राहून म्हणाला, "भाऊ चाखत नव्हते. आजपासून मी बी चाखणार नाई. भाऊचं नाव मी चालवीन." माणसांचे डोळे भरले. माझेही भरले. मला वाटलं, चला, हे कुठेतरी राहिले.

पुढच्या लग्नसराईत मी पुन्हा कामाला जाऊ लागले, घरात बसून डोकं फिरत होतं. देवराव वाफेवर नाक धरायचा, लोक कौतुकाने बघायचे. भाजी कधी खारट, कधी अळणी, तरी लोक ह्यांच्या आठवणीने गोड मानून घ्यायचे. दोन-तीन पंगतींनंतर माझ्या लक्षात आलं, की सगळे जेवल्यावर देवराव फक्त दहीभात घेतो. तोही बोटांनी चेपून, लहान लहान घास करून. हसताना त्याचं तोंड पुरतं उघडत नाही. हा देवराव खर्र्याचा जुना भोगी, दिवसाला सात-आठ पुड्या.

एकदा पाहिलेलं दुसऱ्यांदा दिसलं की माणूस ओळखतोच.

एका लग्नात बाया पुऱ्या तळत होत्या. मी पळीभर रस्सा घेतला, फुंकर घालून निववला आणि देवरावपुढे धरला. "चाख."

"वैनी, तुमाले माहीत हाय ना, मी चाखत नाई."

"काऊन चाखत नाई?"

"भाऊसाठी."

"मंग भाऊच्या बायकोसाठी चाख."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. पळी तोंडाला लावली आणि ओठ ओले होताच चटका बसल्यासारखी मागे केली. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "आ कर." तो करेना. मी म्हटलं, "देवराव, मी तुयासमोर माया नवऱ्याले जाळलं हाय. आ कर." त्याने केला. आपली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जायला पाहिजेत, असं नागपूरला दाखवलं होतं. त्याची जेमतेम दोन गेली. उजव्या गालात आत पांढरा, चामड्यासारखा डाग होता.

"किती दिवस?"

"दोन-तीन वर्षं झाले असतीन. मसालेदार खाल्लं की आग होते. भाऊले बी होत होती काय वैनी?"

त्याच्या तोंडून तो प्रश्न आला आणि मला समजलं, की मी शब्द पाळला तर हाही जाणार. ह्यांच्या नावाखाली लपून जाणार. मी त्याला लाकडाच्या ढिगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. शिबिर, मलम, झाकण, कानातले थेंब, वही. त्याने भाऊला देव केला होता, आणि मी त्याला सांगत होते, की तुझ्या देवाला मीठ माझ्या हातातल्या झाकणाने कळायचं. तो रागावला. "वैनी, हे तुम्ही सांगाले नाई पाहिजे होतं." आणि उठून गेला. संध्याकाळी भांडी लावताना मात्र जवळ येऊन म्हणाला, "कोणता दिवस असते त्या डॉक्टरचा?"

सोमवार असतो. आम्ही गेलो.

तेच चंद्रपूर, तीच खुर्ची. डॉक्टरांनी मला ओळखलं आणि ह्यांचं विचारलं. मी सांगितलं. ते उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले. देवरावचं तोंड तपासून त्यांनी सांगितलं, ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर सुजत राहतं आणि हळूहळू आवळून कडक होतं, म्हणून तोंड उघडत नाही. पांढऱ्या डागाचा तुकडा काढून पाठवला. आठ दिवस देवराव बांधावर बसून राहायचा. खर्रा हातात घ्यायचा आणि खिशात ठेवायचा.

ह्या आठ दिवसांत मी गावातल्या बायांना हे सगळं सांगायला सुरुवात केली. ह्यांना वाटलं होतं तसं दोघी-तिघींनी मला बोल लावले. "तोंडात घास घालून नवऱ्याले मारलं," असंही एकीने म्हटलं. लागलं मला, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या दिवशी त्याच बाईची सासू मागच्या दाराने आली आणि पदर बाजूला करून म्हणाली, "वंदनाबाई, जरा पाहा ना, मायी जीभ." मी काही डॉक्टर नाही. मी तिला पोंभुर्ण्याच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला.

सोमवारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "देवराव, कॅन्सर नाही. पण..."

देवरावचा चेहरा उजळला. त्याने डोळे मिटून हात जोडले, "लय उपकार झाले साहेब," म्हणाला आणि मांडीवरची पिशवी उचलून उठला. मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं.

"बस," मी म्हटलं. "साहेबाचं बोलणं अजून संपलं नाई."